बाबांची लोखंडी चूल

बोस, क्वेबेक
जानेवारी

प्रिय बाबा,

तुमच्या दोन्ही गालांना ओदेलीचा पापा. रेडिओवरच्या बातम्या ऐकून घाबरू नका, आम्ही अगदी उबेत आहोत.

गोठणाऱ्या पावसाने तारा तुटल्या आणि अख्ख्या गावाची वीज गेली. लग्नात तुम्ही दिलेली लोखंडी चूल आठवते ना? "विजेचे हीटर असताना हे धूड कशाला? म्युझियमला देऊन टाक," असं शेजारच्या घरातून येता-जाता सासूबाई म्हणायच्या. तर शनिवारी त्यांच्या ओव्हनमध्ये बीन्स अर्धेकच्चे राहिले. ते भांडं घसरगाडीवर ठेवून, बर्फावरून तोल सावरत त्या आमच्या दारात आल्या.

"चूल पेटलेली आहे का गं?"

"या ना आई, म्युझियम उघडंच आहे."

बोलून घेतलंच मी, बाबा! त्या हसल्या नाहीत, पण बीन्स सगळ्यांनी ताटल्या पुसून खाल्ले.

तुमचा जावई तारा जोडायला खांबांवर चढतो आणि संध्याकाळी दाढीत बर्फ घेऊन येतो. तो दिसेपर्यंत मला घास उतरत नाही, एवढंच.

तुमचा खोकला कसा आहे? लाकडं कोण फोडून देतं?

काल वीज आली. सासूबाईंच्या घरातले हीटरही सुरू झाले. मी चुलीत लाकूड घालायला वाकले, तर त्या ओरडल्या, "तू राहू दे, तुला जमत नाही!"

त्या अजून घरी गेलेल्या नाहीत.

स्वतःच्याच चुलीपासून लांब बसवलेली,
तुमची ओदेली