इथं बसून तिथं

३ जून १९९७, मंगळवार
सकाळपासून टेबलाखाली वाकून वाकून कंबर गेली. फोनची वायर खिडकीतून आत घेतली. लाइनमन म्हणे, "उद्या येतो." त्याचा उद्या म्या लय पाह्यला! मीच पक्कड घेतली. बाहेरचा जोड उघडा होता, तांबं हिरवं पडलं होतं. घासलं, पिळलं, टेप मारली. खरखर गेली. एवढ्यासाठी महिनाभर अर्ज करून राह्यलो होतो!

हा तामझाम सूनबाईसाठी. वासंती औरंगाबादच्या औषध कंपनीत होती. तिथलं मोठं मशीन, कंप्युटर, तीच सांभाळे. लग्न होऊन इथं देऊळघाटले आली, कारण आमचा भालचंद्र इथंच शाळेत मास्तर. तर तिच्या साहेबानं, मार्तंड साहेबानं, मधला रस्ता काढला — घरी मशीन ठेवा, फोनवरून तिथलं काम इथून करा. दिवाळीपर्यंत पाहतो म्हणे. जमलं नाही तर औरंगाबादले येऊन बस, नाही तर नोकरी सोड.

म्या म्हटलं, असं कुठं असते? माणूस जिथं बसते तिथंच असते. भालचंद्र हासला. हासू दे. पोरगी घरात राह्यली पाह्यजे, बस.

५ जून
लागलं! पण काय किंचाळते ते फोन जोडायचं डबडं, मोडेम म्हणे! आमची घरवाली मनकर्णा चुलीवरून धावत आली — "अवो, फोनात मांजर कोंडली का कोणं?"

मंग काळा पडदा. आधी नाव विचारते. मंग चावीचा शब्द. चावी टाकतानी पडद्यावर काईच उमटत नाही. म्या म्हटलं, बटनं बिघडले. वासंती म्हणे, "नाही मामाजी, कोणाला दिसू नये म्हणून." मंग म्हणे, आत गेलो. म्या पाहतो तर तोच काळा पडदा!

"हे आता आपलं मशीन नाही, मामाजी. हे औरंगाबादचं. आपली नुसती खिडकी आहे."

या रस्त्याले टेलनेट म्हणतात. जुनी पद्धत हाय म्हणे. जुनी हाय तर टिकन.

मंग तिनं 'हू' म्हणून शब्द टाकला. आत कोण कोण हाय ते दाखवते. नावं आले — गोडाउनवाला, हिशेबवाला, गेटवाला. अन् त्यात वासंती! तिचं नाव तिथं, अन् ती माझ्या बाजूले पाय हालवत बसलेली. लय वेळ पाहत राह्यलो त्या नावाकडे.

११ जून
लाइन आज सारखी तुटली. तुटली की परत फोन, परत मांजर, परत नाव, परत चावी. वासंती कणीक मळत होती. तिकडून बोलावणं, इकडं हात पिठाचे. म्या म्हटलं, सांग मले, मी जोडतो. जराशी थांबली. मंग चावी सांगितली. इथं लिहीत नाही. मनकर्णाले बी सांगितली नाही. ती म्हणे, "मले काय करायची? तुम्ही कोठीची चावी हरवू नका म्हणजे झालं."

इंग्रजी अक्षरं मले येतात. चौथीच्या मास्तरानं नाही शिकवले, युरियाच्या पोत्यानं शिकवले. एकेक बोट, पण चुकत नाही.

आता तुटलं की जोडायचं काम माझं.

१८ जून
आज एकदाबी तुटली नाही. मलेच करमलं नाही!

२१ जून, शनिवार
शनिवारी संध्याकाळी तिकडचे लोक घरी गेले की वासंती एक शब्द टाकते अन् मशीन झोपते. सोमवारी तिकडचा वॉचमन बटन दाबून उठवते. नुसतं बाहेर निघायचं असलं तर दुसरा शब्द हाय, बारका. म्या दोन्ही ध्यानात ठेवले. कोणतीबी वस्तू पहिले बंद करता आली पाह्यजे. विहिरीवरची मोटार तशीच. लाइन जायच्या आधी स्टार्टर खाली! नाही तर रात्री लाइन येते, मोटार कोरडी फिरते अन् जळते. गावातल्या पोट्ट्यायले सांगून सांगून थकलो.

२६ जून
काय करून बसलो!

दुपारी वासंती शेजारच्या भिमाबाईकडे गेली होती, तिच्या नातवाले पाहायले. मशीन चालू होतं. मधात फोनची लाइन तुटली, म्या जोडली. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. पंखा मंद झाला. म्या म्हटलं, गेलं मशीन, जळते आता! झोपवायचा शब्द टाकला. दोन-चार ओळी पळाल्या, मंग सगळं गप. भिंतीवरचं बटन खाली केलं, अन् तेवढ्यात लाइन गेली! म्हटलं, शाब्बास पुंजाजी. बरोबर वेळेवर.

वासंती आली तर फोन वाजून राह्यला होता. मार्तंड साहेब. दुरून ऐकू ये एवढा आवाज. गेटवर ट्रक उभे, पावती निघत नाही, मशीन झोपलं, कोणं झोपवलं?

तिनं पडद्याकडे पाह्यलं. मंग माझ्याकडे. म्हणे, "हो सर. माझ्याच हातून झालं."

त्या शब्दानं म्या आपलं मशीन बंद केलंच नव्हतं. औरंगाबादचं केलं! खिडकी लावायची होती, अन् म्या तिकडचं घर पाडलं.

२७ जून
साहेब रागावला, पण सोडून दिलं म्हणे. चूक माणसाकडून होते, पुन्हा नको.

म्या वासंतीले विचारलं, माझं नाव काऊन नाही सांगितलं? "राहू द्या ना मामाजी. तुम्ही याच्यावर काही बोलूच नका."

भाकर गोड लागली नाही. घाण म्या केली अन् बोल पोरीनं खाल्ले. हे मले पटत नाही. एवढं उभं आयुष्य कोणाच्या आड लपलो नाही.

३० जून, सोमवार
घरी सांगितलं, बुलढाण्याले जातो. गेलो औरंगाबादले.

मार्तंड साहेब माणूस बरा. "बसा काका, चहा घ्या." म्या चहा आधी नाही घेतला. म्हटलं, साहेब, मशीन म्या झोपवलं. सूनबाई घरात नव्हती. मोटारीचं सांगितलं, स्टार्टरचं सांगितलं. साहेब हासला. "काका, तुम्ही आमचं अख्खं गोडाउन विहिरीत घातलं की!" मी बी हासलो. म्हटलं, झालं काम.

मंग त्यानं चष्मा काढला. "पण तुम्ही आत कसे गेलात, काका?"

"चावीनं."

"ती कोणी दिली?"

"सूनबाईनं. दुसरं कोण देते?"

साहेबानं चष्मा टेबलावर ठेवला. मंग म्हणे, "चूक मी माफ केली होती. चावी दुसऱ्याच्या हातात देणं, ते माझ्या हातात राहत नाही. हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

मशीन दाखवलं त्यानं. काचेच्या खोलीत. पिठाच्या डब्यापेक्षा जरासं मोठं. गुमान उभं.

गाडीत सारा रस्ता डोस्कं खाल्लं. पोरगी मले एकट्याले नव्हती झाकून राह्यली. नोकरी झाकून राह्यली होती. बोलू नका म्हटलं होतं तिनं! मराठीत म्हटलं होतं. म्या ऐकलं कुठं.

२ जुलै
फोन आला. नोकरी राह्यली, पण घरून काम बंद. सोमवारपासून औरंगाबादले येऊन बसायचं. वासंती भावाकडे राहणार, शनिवारी येणार.

भालचंद्र माझ्याशी बोलत नाही. मनकर्णा बोलते — "आता काऊन बसले? जा, अजून कोणाले खरं सांगायचं राह्यलं असन!"

संध्याकाळी वासंती माझ्या खाटेजवळ आली. म्हणे, "चावी मी दिली, मामाजी. ती कशाची आहे ते नीट सांगितलं नाही. तुम्हाला कसं कळणार?"

म्या म्हटलं, सांगितलं होतं तू. खिडकी हाय म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी.

ती रडली नाही. मले वाटलं रडली असती तर बरं झालं असतं.

६ जुलै, रविवार
एसटीत बसवून आलो. खिडकीतून म्हणे, "वायर काढू नका."

कोणासाठी ठेवू? म्हटलं. गाडी निघाली.

९ जुलै
पक्कड घेऊन वायरीजवळ गेलो. परत आलो. जोड चांगला झाला होता तो, म्हणून.

१२ जुलै, शनिवार
वासंती आली नाही. कंपनीत काम हाय म्हणे. भालचंद्रच गेला तिकडे. मनकर्णानं तिच्यासाठी ठेचा दिला बांधून. घरात आम्ही दोघं. पंखा ऐकू येते.

१५ जुलै
आज राह्यवलं नाही. जोडलं. जुनंच नाव, जुनीच चावी. म्हटलं, कुलूप बदललं असन. दार उघडलं!

'हू' टाकलं. वासंती दोनदा. एक ती, तिथं. एक मी.

बारका शब्द टाकून बाहेर निघालो. झोपवायचा नव्हे, निघायचा. दोनदा वाचून टाकला. मंग तिच्या हापिसात फोन केला. म्हटलं, चावी बदल. आत्ताच्या आत्ता. अन् मले सांगू नको.

 मंग हळूच म्हणे, "दिसलात मामाजी. रोज पाहत होते, येता का म्हणून."

हे मातर मार्तंड साहेबाले सांगायले मी जात नाही.