पापणी लवली की रिटेक

३ नोव्हेंबर, सोमवार

सहा टेक. सहाही वाया! बार उडाला की आमचे नायकमहाशय गपकन डोळे मिटतात. म्हणे शहर हादरवणारा गुंड! गुंड कसला — फुगा फुटला तरी आईच्या पदराखाली शिरेल. दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "मामा, याला डोळे उघडे ठेवायला शिकवा. आठ दिवस देतो."

तीस वर्षं शूटिंगला बंदुका पुरवतोय. आता पापण्याही पुरवायच्या!

४ नोव्हेंबर

रिकामं रिव्हॉल्व्हर हातात दिलं. नळीवर नाणं ठेवलं. चाप ओढायचा, नाणं पडता कामा नये. चाळीस वेळा पडलं. दर वेळी उचलायला मेकअपवाला धावत येतो. साहेबांची कंबर वाकत नाही!

६ नोव्हेंबर

त्याच्या कानामागे दोन ताटल्या आपटल्या. असा दचकला की चहा मांडीवर. मी हसलो. मनसोक्त. मांडी पुसत म्हणतो, "मामा, परत वाजवा." लाज म्हणून नाही लेकाला.

जेवताना हिला सांगितलं. तर ही म्हणते, "शिकतोय ना बिचारा? मग तुमच्या पोटात का दुखतं?" बायकांना पडद्यावरची थोबाडं आवडतात, दुसरं काय!

१० नोव्हेंबर

आज अर्ध्या दारूची कोरी काडतुसं — नुसता आवाज आणि जाळ, गोळी नाही. वीस बार. मिटले तीनदाच. घरी बायकोला दारं आपटायला लावतो म्हणे. शेजाऱ्यांचे कान गेले असतील कामातून.

मी सांगितलं होतं — बाराची वाट बघायची नाही, नजर नळीच्या टोकावर, चाप हळूहळू. अक्षरशः तसंच करतो. उलट बोलला असता तर परवडलं असतं. निमूट ऐकतो, त्याचीच चीड येते.

११ नोव्हेंबर

वीस बार. एकदाही नाही. योगायोग!

१२ नोव्हेंबर

तालीम कॅमेऱ्यावर घेतली. मग सगळे मॉनिटरभोवती गोळा. तो दगडासारखा उभा, डोळे टक्क उघडे. आणि मागे, कोपऱ्यात — मी. प्रत्येक बाराला माझे डोळे गच्च मिटलेले, मान खांद्यात! लाइटवाला ओरडला, "अरे, मामांनाच शिकवणी लावा!" अख्खा सेट खदखदला. दिग्दर्शकाने तेवढाच तुकडा तीनदा फिरवला. टवाळ कुठले! बंदूक कुठून साफ करतात ते एकाला माहीत नाही.

तो तेवढा हसला नाही. "गप्प बसा रे. मामांमुळे जमलं मला."

मोठा आला दया दाखवणारा! अंगाचा तिळपापड झाला.

१३ नोव्हेंबर

क्लोजअप होता. रिव्हॉल्व्हर अगदी गालाशी. पहिल्याच बाराला भलताच मोठा जाळ आला. तो हलला नाही. "कट" म्हणेपर्यंत डोळे उघडे. मग हळूच खाली बसला, उजव्या डोळ्यावर हात. बोटांमधून काहीतरी ओघळत होतं — पाणी की रक्त, कळेना. दिग्दर्शक आधी ओरडला, "ओके! एक नंबर!" आणि मग त्याचं लक्ष गेलं.

काडतूस सदोष निघालं, असं मी सांगितलं. हल्लीचे कारखानेच तसले! सगळ्यांनी माना डोलावल्या.

१५ नोव्हेंबर

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दारूचे कण थेट बुबुळात घुसलेत. "डोळा मिटला असता तर पापणीवर निभावलं असतं. मिटला कसा नाही, आश्चर्यच आहे." त्या डोळ्याला यापुढे उजेड आणि अंधार कळेल. तेवढंच.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी. नुसत्या खोकण्यावरून ओळखलं मला.

"मामा, लवली का हो पापणी?"

"नाही."

"मग झालं तर!" हसला. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती.

१६ नोव्हेंबर

काडतूस सदोष नव्हतं. अर्ध्याच्या जागी पूर्ण दारूचं मीच भरलं. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा, सगळ्यांसमोर, त्याने डोळे मिटावेत — एवढंच हवं होतं मला.