सोळा भाज्या आणि मच्छीचं खत

प्रिय चंदाताई,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. एका आईच्या पोटी आलो, एकाच घरात जावा झालो, पण वर्ष होत आलं तरी माझा तुझ्यावरचा राग उतरलेला नाही.

जुनवानीत आम्ही घर बांधलं तेव्हा अंगणात नुसता मुरूम होता, आठवतं? मिरचीसुद्धा धरत नव्हती. सुपेल्याच्या बाजारात मच्छी विकणाऱ्या मथुराने मला वाट दाखवली. तिचे वडील गावाकडे भोपळ्याच्या आळ्यात मच्छीची आतडी पुरायचे. मी मच्छी खात नाही, तरी तिने आणून दिलेली डोकी, खवले, आतडी ड्रममध्ये घालू लागले. पहिल्यांदा लाकडाचा भुसा कमी पडला आणि गल्लीने नाकं धरली. मग तिनेच शिकवलं की एक घमेलं मच्छीला तीन घमेली भुसा, वर सुकी पानं, झाकण घट्ट. काही महिन्यांनी काळं, भुसभुशीत खत झालं, वासाचं नाव नाही. त्यावर वांगी, दोडकी, भेंडी अशी आली की तू सेक्टर सहातल्या तुझ्या घरून पिशव्या घेऊन यायचीस. उमाकांत भाऊजी तर वांगं दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

गेल्या वर्षी तुझ्याकडच्या महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांतल्या अकरा माझ्या अंगणातल्या होत्या. मथुराला जेवायला मीच बोलावलं होतं. पानातल्या दोडक्याकडे बोट दाखवून ती तिच्या बोलीत कौतुकाने म्हणाली, "दीदी, ये तरोई ह मोर मछरी के खातू के आय." दोडकं मच्छीच्या खताचं म्हटल्यावर तुझा चेहराच बदलला. "मच्छीच्या घाणीतलं महालक्ष्मीले कावून आणलं तू?" म्हणत तू पातेलं गायीपुढे ओतलंस आणि मथुराला भरल्या पानावरून उठवलंस. तुझ्या गुलाबांना तू हाडांचा चुरा घालतेस. तेच गुलाब त्या दिवशी देवीला वाहिले होतेस. हाडं कोणत्या झाडाला लागतात, ते एकदा मला कळव.

आणि मी काय केलं? वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे सरकले. हा स्वतःवरचा राग तुझ्यावरच्या रागापेक्षा मोठा आहे, ताई. मथुरा त्यानंतर फाटकाशी फिरकली नाही. ड्रम कोरडा पडला आहे. परवा बाजारात जाऊन मी तिची माफी मागितली. ती खवले काढत राहिली, वर बघितलं नाही.

महालक्ष्म्या आता पंधरा दिवसांवर आल्या. धाकटीचा मुखवटा तू पॉलिशला माझ्याकडे दिला होतास. तो लख्ख होऊन कपाटात आहे आणि मी तो पाठवणार नाही. सुपेल्याला जा, मथुराला स्वतःच्या तोंडाने जेवायला बोलाव. माझ्या मातीत अजून त्या खताचा कस आहे, दोडक्याचा वेल भरला आहे. ती भाजी तिच्या पानात तू तुझ्या हाताने वाढणार असशील, तर धाकटीला घेऊन मी येते. नाहीतर यंदा थोरलीला एकटीलाच बसव.

तुझीच,
यामिनी