खोडलेलंही दिसायला हवं

१२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

काम असल्याशिवाय काका पत्र लिहीत नाही असं तू म्हणतेस, ते खरंच आहे. आताही कामच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं, की वर्षभर वाचता येईल, त्यापुढचा भरवसा ते देत नाहीत. तेव्हा वर्षअखेरीला दुकान बंद करायचं ठरवलं आहे. शिलाई मशिनं हाताच्या अंदाजानेही बरीच उघडता येतात, पण न दिसणारा कारागीर गिऱ्हाइकाला नको असतो. त्यात त्याची काही चूक नाही.

प्रश्न कार्डांचा आहे. दुकानात अकराशे चाळीस कार्डं आहेत. प्रत्येकावर एक मशीन, त्याची खोड आणि तिच्यावरचा इलाज. काही मी लिहिलेली, काही तुझ्या बाबाने. ही जुनी मशिनं दुरुस्त करणारे आता मोजकेच उरलेत आणि कंपन्यांची पुस्तकं कुठे मिळत नाहीत. कार्डं माळ्यावर टाकली तर गेलीच. म्हणून ती वेबसाइटवर जावीत असं माझ्या मनात आहे. वेबसाइट बनवणारी घरातलीच असताना बाहेर कशाला जाऊ?

समोरच्या झेरॉक्सवाल्या बाई म्हणाल्या, की आधी सीएमएस निवडावी लागते. कुठली घ्यावी विचारलं, तर म्हणाल्या कुठलीही घ्या, सगळ्या सारख्याच. हे काही मला पटलं नाही. मशीन घ्यायला आलेल्याला मी आधी विचारतो, की मलमल शिवणार की ताडपत्री. तेव्हा तूही मला काय विचारायचं ते विचार.

उत्तर कागदावर आणि ठसठशीत अक्षरांत पाठव. तू फिरकत नाहीस म्हणून काकू रुसली आहे. आईला माझी आठवण सांग.

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.
काका

२० फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

अक्षरं एवढी मोठी छापली आहेत, की पोस्टमननेही पाकिटाबाहेरून वाचली असतील. डोळ्यांचं ऐकून आई रडली. मी रडले नाही, पण दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

सीएमएसला शुद्ध भाषेत आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. घाबरू नका. तुम्ही मजकूर लिहायचा, चित्र जोडायचं, बटण दाबायचं. पान नीट मांडून लोकांसमोर ठेवायचं काम तिचं. सारख्या मात्र त्या अजिबात नसतात. एक आहे ती सगळं तयार देते, दिसायला देखणी, पण उद्या ती कंपनी बंद पडली तर आपली पानं बाहेर काढताना नाकी नऊ येतील. दुसरी फुकट आहे, जगभर वापरतात, हवं ते तिला जोडता येतं; फक्त डागडुजी वेळच्या वेळी करावी लागते, नाहीतर भलतेसलते लोक आत शिरतात. तिसरीत नुसती साधी पानं. बिघडायला काही नाहीच, पण एक शब्द बदलायचा तरी माझ्याकडे यावं लागेल.

आता माझे प्रश्न. रोज किती कार्डं चढवायची? फोटो आहेत की आकृत्या? लोकांनी शोधायचं कशावरून? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुमच्यानंतर दुरुस्त्या कोण करणार, किल्ली, म्हणजे पासवर्ड, कोणाकडे राहणार? बाकीचं सगळं यावर ठरतं, म्हणून याचं उत्तर आधी द्या.

बाबांना सांगितलं. नऊ वर्षं तुमचं नाव निघालं की ते उठून जातात, या वेळी बसून राहिले. निम्म्या कार्डांवर आपलं अक्षर आहे, एवढंच म्हणाले आणि नळ दुरुस्त करायला गेले. नळ बिघडलेला नव्हता.

काकूंना म्हणावं, रुसवा मी आल्यावर काढा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
ठकी

२८ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

रोज दहाबारा कार्डं जमावीत. फोटो नाहीत, आकृत्या आहेत, आणि त्या बहुतेक तुझ्या बाबाच्या. माझी रेघ जन्मात कधी सरळ आली नाही. शोधायचं बिघाडावरून. माणूस येतो तो दोरा तुटतो म्हणून, मशीनचं नाव त्याला ठाऊक नसतं.

एक अट आहे, ती तुझ्या त्या देखणीला झेपते का बघ. आमच्या दुकानात कार्डावरचं काही पुसायचं नाही आणि कार्ड फाडायचं नाही, असा नियम आहे. चूक निघाली की तिच्यावर लाल पेनने एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. मग बरोबर काय ते, तारीख, आणि ज्याने दुरुस्त केलं त्याचं आद्याक्षर. आम्ही केलेली चूक पुढचा कारागीरही करणार असतो. ती त्याला दिसली तर त्याचा एक दिवस वाचतो. तेव्हा वेबसाइटवर खोडलेलंही दिसायला हवं.

बाई कार्डांचे फोटो काढून तुला पाठवायला तयार झाल्या आहेत. सगळ्या सारख्याच हे त्यांचं मत अजून कायम आहे. किल्लीचं नंतर बघू.

सुखी राहा, जेवणाच्या वेळा पाळ.
काका

२ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

दुसरी निवडली. देखणी पहिल्याच दिवशी बाद झाली. नवं लिहिलं की जुनं गिळून बसत होती. दुसरी जुनं सांभाळते, पण आतल्या बाजूला, किल्लीवाल्यालाच दिसेल असं. मी ते बाहेर आणलं. आता खोडलेली ओळ लाल रेघेसकट सगळ्यांना दिसते. आपल्या चुका हौसेने मांडणारं हे गिऱ्हाईक कुठलं, असं ऑफिसात मला विचारतात.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. कार्डं मी टाइप करत नाही, बाबा करतात. मला तुमचं अक्षर लागेना, आणि त्यांना अर्धी ओळ बघून पुढची कळते. रोज कामावर जाण्याआधी तासभर बसायचे. चारशे अकरा झाली.

चारशे बारावर थांबले. झिगझॅग मशीन, टाका सुटतो, ते कार्ड. आजूबाजूची कार्डं लाल रेघांनी भरलेली आणि हे मात्र कोरं करकरीत. कागद नवा, शाई नवी. बाबांनी ते बराच वेळ पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि पुढचं तू कर म्हणाले. चार दिवस झाले, हात लावलेला नाही. खोदून विचारलं तर यावर एक लाल रेघ होती, एवढंच सांगतात. काका, ही काय भानगड आहे? कार्ड आहे तसं चढवू का?

उत्तराला उशीर करू नका, बाकी लोभ आहेच.
ठकी

९ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

चढवू नकोस. त्यातलं माप चूक आहे.

नऊ वर्षांपूर्वी एक शिंपीणबाई ते मशीन तिसऱ्यांदा परत घेऊन आल्या. सुई किती वर आली की खालच्या हुकाने दोरा पकडायचा, त्याचं माप मी कार्डावर लिहिलेलं होतं आणि तसंच बसवत होतो. तुझ्या बाबाने त्यांच्यासमोर लाल पेन काढलं, माझ्या मापावर रेघ मारली आणि खाली आपलं लिहिलं. नियम माझाच, पण परक्या माणसासमोर मारलेली रेघ मला झोंबली. बाई मशीन उचलून दुसरीकडे गेल्या. संध्याकाळी मी ते कार्ड फाडलं आणि माझंच माप घालून नवं लिहिलं. सकाळी त्याने खण उघडला, कार्ड पाहिलं, एप्रन खुंटीला लावला आणि गेला. पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी तसंच एक मशीन आलं. त्याचं माप लावून बघितलं. एकही टाका सुटला नाही. तेव्हापासून तशी सगळी मशिनं मी त्याच्याच मापाने बसवतो, आणि कार्ड तसंच ठेवलं. दुसऱ्यांना नियम शिकवणाऱ्याने केलेली ही लबाडी आहे आणि मला तिची लाज वाटते. हे पत्र तू त्याला वाचून दाखव. त्याला स्वतः लिहायचा धीर मला होत नाही.

फाडलेली रेघ मी आता कुठून आणू? ती त्यानेच मारावी. किल्लीही त्यालाच दे. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तोंडातून निघत नव्हतं.

तू मात्र काकाला परकं करू नकोस.
काका

२१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ठकीने तुझं पत्र वाचून दाखवलं. नंतर मी ते तिच्याकडून मागून घेतलं.

चारशे बारा चढवलं आहे. वर तुझं माप, त्यावर लाल रेघ, खाली माझं. सिस्टिम आजची तारीख घालत होती. ठकीकडून नऊ वर्षांपूर्वीची घालून घेतली. मूळ कार्ड फाडलं होतं, अशी एक ओळ तुझ्या नावाने जोडली आहे. नियमच आहे आपला, त्याला माझा इलाज नाही. बाईंसमोर मी पेन काढायला नको होतं. ते कार्डावर बसत नाही, म्हणून इथे लिहितो.

आता किल्ली. ठकीने सगळे अधिकार मला दिले होते, मी निम्मे परत केले. या सीएमएसमध्ये अशी सोय आहे, की एकाने दुरुस्ती लिहायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय ती बाहेर दिसायची नाही. लिहिणारा म्हणून मी माझं नाव घातलं आहे, मंजूर करणारा म्हणून तुझं. वर्षभराने काकांना पडदा दिसला नाही तर काय, असं ठकीने विचारलं. तेव्हा मी जाऊन वाचून दाखवीन, असं सांगितलं. दुकान बंद झालं म्हणून तुला सुटका नाही.

सातशे अठ्ठावीस कार्डं उरली आहेत. ती तुझ्या शेजारी बसून करावीत असं वाटतं. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. वहिनींना सांग, जेवायला एक माणूस जास्त आहे.

मंजुरीचं बटण पडद्यावर खाली, उजव्या हाताला आहे. पुढे ते दिसेनासं झालं तर तुझं बोट धरून मी तिथे नेऊन ठेवीन. दाबायचं मात्र तूच.

लोभ पूर्वीसारखा असू दे.
तुझा धाकटा भाऊ