आईचा चहा आणि तुमची कॉफी

बाबा, आज सकाळपासून डोकं ठणकतंय आणि सगळा राग तुमच्यावर निघतोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरीही. वजन वाढलं म्हणून कर्जतच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला डिटॉक्स डाएट दिलंय. त्यात चहा बंद. बाई म्हणाल्या, "एकदम सोडलात तर डोकं दुखेल, मळमळेल. नाहीच जमलं तर सकाळी अर्धा कप घ्या, काही बिघडत नाही." हे ऐकताना डोळ्यांसमोर आई आली, पदराने कपाळ आवळून बांधलेली. तिला कोणी अर्धा कप दिला नव्हता.

तुम्ही कंपनीतून रिटायर झालात आणि लोधिवलीला कसल्याशा शिबिराला गेलात. तेव्हा त्याला डिटॉक्स म्हणत नव्हते, शरीरशुद्धी म्हणायचे. चहा म्हणजे विष, एवढं शिकून परत आलात. स्वतः सोडायचा होता तर सोडायचा. पण तुम्ही आल्या आल्या चहापावडरचा डबा उकिरड्यावर रिकामा केलात आणि घरात सगळ्यांना दुधीचा रस लावलात. आई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, शेतावर जायची आणि परतल्यावर शेजारच्या काकूंबरोबर ओट्यावर चहा घेत बसायची. दिवसभरात तिचं बसणं तेवढंच, आणि तेच तुम्ही काढून घेतलंत. भर लावणीत ती बांधावर ओकत होती. "डोकं फुटतंय गं, पण त्यांना नको सांगू," म्हणाली. मी सांगितलंच. तुम्ही म्हणालात, "विष बाहेर पडतंय. पडू दे."

त्याच आठवड्यात कॉलेजातून येताना मी चौकच्या नाक्यावर एसटीतून उतरले, तर तुम्ही हॉटेलात मित्रांबरोबर बसलेले, हातात कॉफीचा ग्लास. मी सरळ समोर जाऊन उभी राहिले. तुम्ही दचकलातही नाही. "ही कॉफी हाय, चहा नाय. शिबिरात कॉफीचं काय बोलले नव्हते," म्हणालात आणि सगळे हसले. ते हसणं आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

मी चहापावडरचा पुडा घेऊनच घरी आले, आईला सगळं सांगितलं आणि शेगडीवर टोप ठेवला. चहाला उकळी यायला आणि तुम्ही यायला एकच गाठ पडली. तुम्ही टोप उचललात आणि मोरीत उलटा केलात. आई तिथेच तुमच्यासाठी दुधी किसत होती. तिने किसणी खाली ठेवली. "नाक्यावरची कॉफी समजली मला. आता मी टोप परत ठेवते. पुन्यांदा हात लावलात, तर तुमचा रस तुमी काढा, भाकरी पण तुमीच थापा." जन्मात ती तुमच्याशी एवढं बोलली नव्हती. तुम्ही चपला घालून बाहेर निघून गेलात.

चहा घरात परत आला, पण तिचं बसणं परत आलं नाही. त्या दिवशी तो चहा ती शेगडीपाशी उभ्यानेच, घाईघाईत, तोंड भाजत प्यायली, आणि आजही तशीच पिते. माझ्या घरात, समोर खुर्ची असताना. "आई, बस की गं," म्हटलं तर म्हणते, "झाला गं, झाला." आता ती कोणाला घाबरते, बाबा? टोप उलटा करणारं कोणी उरलं नाही, तरी तिचा हात कप घट्ट धरून असतो. हे तुम्ही केलंत. शरीर शुद्ध करायला निघालेल्या माणसाने.

आणि वर तिला तुमची आठवण येते! मघाशी विचारत होती, काय लिहितेस एवढं. ऑफिसचं काम, म्हटलं. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि तिला वाचून दाखवायची माझी तयारी नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवून देईन. एक मात्र सांगते. दर पितृपक्षात ती तुमच्या पानाशेजारी कॉफी ठेवायला लावते. "तीन चमचे साखर घाल हां, त्यांना गोड लागायची," म्हणते. कॉफी मीच करते. साखर घालत नाही.