नैरोबीचं विमान आणि अण्णांचं घड्याळ

गिरगाव, मुंबई
कार्तिक, १९५७

राजमान्य राजेश्री जयवंतराव यांस,

वयाने आशीर्वाद, जावई म्हणून नमस्कार. आम्ही सर्व खुशाल (माझं डोकं सोडून). नैरोबीची हवा तुम्हाला मानवली असेल, असं धरून चालतो.

लिहिण्याचं कारण एवढंच, की रविवारी सकाळी सात वाजता आमची ललिता सांताक्रूझहून विमानात बसते. पोर कधी एकटी दादरच्या पुढे गेलेली नाही. उतरल्यावर तुम्ही समोर दिसला नाहीत, तर तिथेच ट्रंकेवर बसून रडेल. म्हणून तुम्ही नेमकं किती वाजता यायचं, ते कळवतो.

अण्णांनी (माझे वडील, लग्नात तुम्हाला दोनदा पाया पडायला लावलं, तेच) ॲटलासवर नव्या जानव्याचा दोरा ताणून अंतर मोजलं. पावणेअठ्ठावीसशे मैल. ताशी तीनशे मैल धरून सव्वानऊ तास. छापील वेळापत्रकातही विमान सातला सुटून सव्वाचारला पोचतं, म्हणजे सव्वानऊच! अण्णा खूश. एवढ्यावर थांबायचं, तर मी विमान कंपनीच्या कचेरीत विचारायला गेलो (अवदसा आठवली). तिथला बाबू म्हणाला, एडनचा थांबा धरून प्रवास बारा तासांचा. मग पावणेतीन तास गेले कुठे? म्हणे, तिकडची घड्याळं मागे असतात. आता तुम्हीच सांगा, बारा तास बसलेल्या माणसाचे पाय सव्वानऊ तासांचेच दुखतील काय?

अण्णा म्हणाले, "त्यातली एकोणचाळीस मिनिटं दिल्लीने खाल्ली, बाकीची साहेबाने." आमचं घड्याळ अजून जुन्या मुंबई टाइमावर, सरकारी वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे चालतं. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत घड्याळ दिल्लीला मिळवायचं नाही, असा त्यांचा पण आहे. (तुमच्या लग्नात भटजी अंतरपाट धरून का ताटकळले, ते आता कळलं असेल.) तर ही एकोणचाळीस मिनिटं सव्वाचारात मिळवायची की वजा करायची, यावर घरात दोन तट पडले आहेत. मिळवली तर चार चोपन्न, वजा केली तर तीन छत्तीस. तुमच्या सासूबाई म्हणतात, "जावईबापूंना म्हणावं, डबा घेऊन सकाळपासूनच उभे राहा." मलाही तेच पटतं.

खरं सांगू? आकडे सोपे असतील. माझंच चित्त ठिकाणावर नाही. आठवडाभर तिची ट्रंक माजघरात उघडी पडली आहे, आणि मी तिला वळसा घालून कामावर जातो.

आपला,
चिंतामणी

ता. क. : पहिल्या बाळंतपणाला तिला इकडे पाठवाल ना? घाई नाही. परतीच्या विमानाची चौकशी मात्र करून ठेवली आहे.

आणखी ता. क. : उद्या पुन्हा हरताळ आहे, टपालाचा भरवसा नाही. म्हणून हे पत्र ललिताच्याच हाती देत आहे. ती विमानतळावर भेटताच आधी हे वाचा आणि सांगितलेल्या वेळी तिला घ्यायला न चुकता जा. तिला तसं बजावलं, तर दोन दिवस रडणारी पोर पोट धरधरून हसली. कशाला, ते कळलं नाही. पण हसली, बरं वाटलं.