गोठलेलं खोबरेल

कराची, पौष वद्य पंचमी, शके १८५२

तीर्थरूप आबांस,
धोंडूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी इथे गोदीत खुशाल आहे, दोन वेळा पोटभर जेवतो. आईचा खोकला कसा आहे?

इथे फळ्यांना चरबी फासून त्यांवरून बोट पाण्यात सोडतात. काल मिस्त्री म्हणाला, "गोठलेली चरबी आधी बोट धरून ठेवते. बोट जरा हलली की चरबी घासून तापते, पापुद्र्याएवढी वितळते. मग बोट कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

आबा, ते ऐकून हे पत्र लिहायला बसलो. आपल्या पावस गावी त्या थंडीतल्या सकाळी आपला मचवा फळ्यांवरून हलेना, म्हणून काशीदादा पुढे वाकून फळी बघत होता. तुम्ही मागून रेटलंत आणि मचवा एकदम सुटून दादाच्या अंगावरून गेला; दादा गेला. तेव्हापासून तुम्ही मचव्याला हात लावला नाहीत.

फळ्यांना नेहमी लावायचं उंडीचं तेल थंडीत गोठत नाही, पण ते संपलं होतं. कुणाला न सांगता मी आईचं गोठलेलं खोबरेल फळ्यांना फासलं होतं.

इथे प्रत्येक बोटीपुढे मला दादा वाकलेला दिसतो.

तुमच्या हातांचा दोष नव्हता. आईला मात्र हे वाचून दाखवू नका. ती अजून केसांना तेच तेल लावत असेल.

तुमचा अपराधी,
धोंडू